स्पीकरच्या तारेत किती पैसे घालावेत?

भाच्याच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून मी स्पीकरच्या तारेचं टोक सोललं आणि त्यावरून ब्लेड फिरवलं. दोन-तीनदा खरवडल्यावर तांबूस रंग निघून गेला आणि खालून पांढरी तार दिसली. ॲल्युमिनिअम, वरून तांब्याचा पातळ थर. ही तार त्याला अस्सल तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची (म्हणजे धातूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ तेवढं) म्हणून विकली गेली होती. वरचं प्लॅस्टिक जाड असल्यामुळे हाताला ती भरीव लागायची. आतल्या धातूचे तंतू मोजून पाहिले तेव्हा अर्धा स्क्वेअर एमएम जेमतेम भरला. अशी ही तार भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीला वळसा घालून, एकेका स्पीकरपर्यंत बारा-बारा मीटर नेलेली होती.

नवे स्पीकर दुकानात ऐकले तसे घरी वाजत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. एका दुकानात त्याने हे बोलून दाखवलं, तेव्हा तिथे त्याला तीन मीटरच्या स्पीकर केबलची एक जोडी घरी ऐकायला दिली. विणलेल्या कापडाचं वेष्टण, अंगठ्याएवढी जाडी, किंमत अडतीस हजार. तीन मीटरमध्ये भागावं म्हणून भाच्याने ॲम्प्लिफायर उचलून दोन्ही स्पीकरच्या मधोमध आणून ठेवला, केबल जोडली, आणि आवाज खुलला. रात्री मला फोन. "मामा, जमीन-अस्मानाचा फरक आहे. घेऊन टाकू का?"

घेऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं. पण तुला भास झाला, असं सांगितलं नाही, कारण तो भास नव्हताच. त्याने खरोखर वेगळा आवाज ऐकला होता. प्रश्न एवढाच होता, की तो फरक अडतीस हजारांमुळे पडला की दुसऱ्या कशामुळे. महागड्या केबलवरून वर्षानुवर्षं जे वाद चालतात, त्यांतला बराचसा गोंधळ या एका प्रश्नापाशी सुटतो.

तार नेमकं काय करते

ॲम्प्लिफायरमधून निघालेली वीज एका तारेतून स्पीकरकडे जाते, स्पीकरच्या आतल्या गुंडाळीतून फिरते आणि दुसऱ्या तारेतून परत येते. म्हणजे स्पीकर बारा मीटर लांब असेल तर विजेची वाट चोवीस मीटरची झाली. या वाटेत तार तिला थोडी अडवते. या अडवण्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. रोध किती हे तीन गोष्टींवर ठरतं: धातू कोणता, तार किती जाड, किती लांब. स्पीकरच्या तारेची जवळजवळ सगळी गोष्ट या तिघांतच संपते.

आता भाच्याच्या तारेचा हिशेब मांडू. अर्धा स्क्वेअर एमएम जाडीची, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार चोवीस मीटर घेतली की रोध सुमारे १.३ ओहम होतो. त्याचे स्पीकर ४ ओहमचे. दोन्ही मिळून ५.३ ओहम, त्यातला पाव हिस्सा एकट्या तारेचा. म्हणजे ॲम्प्लिफायरने जो दाब दिला त्यातला पाव भाग वाटेतच खर्च होत होता, आणि स्पीकरपर्यंत पोहोचणारी शक्ती चाळीस टक्क्यांहून जास्त घटत होती. आवाजाच्या मापात ही घट जवळपास अडीच डेसिबलची. एवढा फरक कुणालाही ऐकू येतो.

नुसता आवाज कमी झाला असता तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. पण स्पीकरवर ४ ओहम लिहिलं असलं तरी तो आकडा सरासरीसारखा असतो. खर्जाच्या एखाद्या सुराला तोच स्पीकर वीस ओहम दाखवतो, मधल्या पट्टीत साडेतीनवर येतो. जिथे स्पीकरचा आकडा खाली येतो तिथे तार जास्त खाते, जिथे वर जातो तिथे कमी खाते. म्हणून आवाज सगळीकडे सारखा दबत नाही. काही सूर मागे पडतात, काही पुढे येतात, आणि गाण्याचा रंगच बदलतो. बारीक तार लांबवर नेली की हे होणारच, त्यात मतभेदाला जागा नाही.

आता तीच वाट खऱ्या तांब्याच्या, खऱ्या अडीच स्क्वेअर एमएम तारेने केली तर? चोवीस मीटरचा रोध सुमारे ०.१७ ओहम. घट ०.३५ डेसिबल. ॲम्प्लिफायर जवळ आणून तीन मीटरमध्ये काम भागवलं तर रोध ०.०४ ओहम आणि घट एक दशांश डेसिबलच्याही आत. गाणं ऐकत बसलेल्या माणसाला एक डेसिबलचा बदल लक्ष देऊन ऐकलं तर कळतो. शांत खोलीत, लगेच पुढे-मागे ऐकवलं आणि कान तयार असले, तर दोन-तीन दशांशापर्यंत मजल जाते. त्याच्या खाली कानाला काही मिळत नाही.

भाच्याने जी तुलना केली ती बारा मीटरच्या, अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या, ॲल्युमिनिअमच्या तारेची तीन मीटरच्या जाड तांब्याशी. धातू बदलला, जाडी बदलली, लांबी पावपट झाली. फरक पडला नसता तरच नवल. पण तोच फरक साध्या तांब्याच्या तारेनेही पडला असता, आणि त्याने ती शक्यता तपासलीच नव्हती. 'महाग केबल लावली आणि कायापालट झाला' असं कुणी मनापासून सांगतं तेव्हा मी आधी विचारतो, की काढून टाकलेली तार कसली होती? बहुतेकांनी ती फेकून दिलेली असते.

गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाईप डोळ्यांसमोर आणा. तो अर्ध्या इंचाचा असेल तर शॉवरची धार मरते. एक इंचाचा घातला की धार भरते. पुढे दोन इंची घाला, चार इंची घाला, शॉवरमधून येणारं पाणी तेवढंच राहतं, कारण आता अडवणूक पाईपची उरलेली नसते, शॉवरच्या भोकांची असते. स्पीकरच्या आतही असंच आहे. ज्या गुंडाळीने पडदा हलतो ती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची, कित्येक मीटर लांब असते. तिच्या आधी जाड-बारीक सूर वेगळे करणारं सर्किट असतं, त्यात आणखी काही मीटर तार गुंडाळलेली असते. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये या गुंडाळीचा स्वतःचा रोध तीन-एक ओहम भरतो. बाहेरच्या तारेतले ०.०४ ओहम ०.०२ वर आणण्यासाठी अडतीस हजार मोजायचे, आणि पुढे वीज त्याच तीन ओहमच्या गुंडाळीतून जाणार.

चांदी, सोनं आणि शुद्ध तांबं

महागड्या केबलच्या खोक्यावर धातूची भाषा फार असते, म्हणून धातूंकडे जरा नीट पाहू. विजेला सर्वांत सोपी वाट देणारा धातू चांदी. तांबं तिच्या मागोमाग, फरक सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चांदीच्या तारेने जे साधतं ते सहा टक्के जाड तांब्याने साधतं, आणि तांबं सहा टक्के जाड घ्यायला काही रुपये लागतात. सोनं तर तांब्याच्या खाली आहे, त्याचा रोध तांब्यापेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक.

मग प्लगवर सोनं का चढवतात? सोन्याला हवा लागत नाही म्हणून. तांबं, पितळ, चांदी यांच्यावर काळपट-हिरवट थर चढतो, संपर्क सैल पडतो, आवाज मध्येच जातो, खरखर येते. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर साधे प्लग एका पावसाळ्यात कसे होतात हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथे सोन्याचा मुलामा असलेले प्लग घेण्यात अर्थ आहे, आणि ते महाग नसतात, कारण मुलामा अगदी पातळ असतो. वर्षातून दोनदा प्लग काढून पुन्हा घट्ट बसवले तरी पुष्कळ फायदा होतो.

ऑक्सिजनमुक्त तांबं हाही असाच एक परवलीचा शब्द. तांब्याच्या वाहकतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९१३ साली ठरलं आणि त्या प्रमाणाला शंभर टक्के धरतात. घराच्या वायरिंगसाठी वापरलं जाणारं चांगलं तांबं आज त्या शंभरला पोहोचतं. ऑक्सिजनमुक्त तांबं १०१ च्या आसपास. एक टक्का. कानाच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा.

आणखी एक मुद्दा तुम्हाला दुकानात ऐकवला जाईल: उंच सुरांची वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच धावते, म्हणून खास रचनेची केबल हवी. यातलं विज्ञान खरं आहे. कंपनं जितकी वेगवान तितकी वीज तारेच्या कडेला सरकते. पण माणसाच्या कानाची वरची हद्द २०,००० हर्ट्झ, आणि तिथेही तांब्यात वीज जवळपास अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खोल पसरलेली असते. अडीच स्क्वेअर एमएम तारेची त्रिज्या एक मिलिमीटरहून कमी. पाच मीटर वाटेवर या परिणामाने जी भर पडते ती एक-दोन शतांश ओहमची. हा परिणाम रेडिओ लहरींच्या इंजिनिअरला रोज छळतो, पण ऐकण्याच्या हद्दीत तो पोहोचेपर्यंत इवलासा होऊन जातो. खरं विज्ञान सांगायचं आणि त्याचा आकडा सांगायचा नाही, ही गोष्ट मला फार खटकते, कारण ऐकणारा माणूस विज्ञानावर विश्वास ठेवतो म्हणूनच फसतो.

या सगळ्याची सुरुवात मात्र प्रामाणिक होती. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत लोक घरच्या स्पीकरला टेबललॅम्पची बारीक दुपदरी वायर लावत. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली नावाच्या इंजिनिअरने जाड तांब्याच्या स्पीकर-तारा विकायला सुरुवात केली, त्यातून मॉन्स्टर केबल ही कंपनी उभी राहिली. बारीक तार लांब नेऊ नका, जाड घ्या, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. पुढे जाडीचा फायदा संपला तरी किमती चढत राहिल्या.

आपल्याकडची खरी फसवणूक

आपल्या बाजारात मला अडतीस हजारांच्या केबलपेक्षा त्या पांढऱ्या तारेची जास्त काळजी वाटते. महाग केबल घेणारा पैसे घालवतो, पण त्याचा आवाज तरी नीट असतो. मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार घेणाऱ्याचे पैसेही जातात आणि आवाजही. आणि स्वस्तात एकदा फसलेला माणूसच घाबरून थेट सर्वांत महाग वस्तूकडे जातो. भाच्याचं अगदी असंच झालं.

ओळखायची कशी? भंगारवाला ओळखतो तशी. टोक सोला, एक तंतू ब्लेडने खरवडा. आतपर्यंत लालसर राहिला तर तांबं, पांढरा पडला तर ॲल्युमिनिअम. (तांब्यावर कथिलाचा मुलामा दिलेली तारही मिळते. ती वरून पांढरी आणि आतून लाल निघते, ती चांगली.) दुसरं, वजन पाहा. तांबं ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असतं, गुंडाळी हातात घेतली की कळतं. तिसरं, प्लॅस्टिकच्या जाडीवर जाऊ नका, आतला धातू पाहा. इलेक्ट्रिकच्या दुकानांत अजूनही 'तेवीस शहात्तर', 'चाळीस शहात्तर' अशी भाषा चालते. पहिला आकडा तंतूंचा, दुसरा एका तंतूच्या जाडीचा, इंचाच्या जुन्या मापात. चाळीस शहात्तर म्हणजे साधारण १.२ स्क्वेअर एमएम. दोन-तीन मीटरवरच्या लहान स्पीकरला ती पुरते.

त्याहून लांब जायचं असेल तर घराच्या वायरिंगला वापरतात त्याच प्रकारची, आयएसआय शिक्क्याची, अडीच स्क्वेअर एमएमची दोन कोअरची लवचीक केबल घ्यावी. ८ ओहमच्या स्पीकरला ती पंधरा-वीस मीटरपर्यंत निवांत चालते, ४ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत. त्यापुढे चार स्क्वेअर एमएम. यामागचा ठोकताळा असा, की जाऊन-येऊन पूर्ण वाटेचा रोध स्पीकरच्या सर्वांत खालच्या आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत राहावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ही तार मीटरवर कापून मिळते. भाच्यासाठी तपकीर गल्लीतून सहा मीटर घेतली, बिल साडेसातशेच्या आत आलं.

कुठे केबलने खरंच फरक पडतो

सगळ्या केबल सारख्याच, असं मात्र म्हणता येत नाही.

गिटारवाल्याला विचारा. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागात) हजारो वेढ्यांची गुंडाळी असते आणि तिच्यातून अगदी अशक्त संकेत निघतो. केबलच्या आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात थोडी वीज साठून राहते, एका मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड. गुंडाळी आणि ही साठवण मिळून गिटारचा नाद ठरवतात. पाच मीटरऐवजी दहा मीटरची केबल लावली तर नादाचा जो चमकदार कळस चार हजार हर्ट्झच्या आसपास होता तो तीन हजारांकडे घसरतो, आणि गिटार बोथट वाजते. हे स्पष्ट ऐकू येतं. पण उपाय पाहा: आखूड केबल. ती तर स्वस्तच पडते. रेकॉर्डप्लेअरच्या सुईपासून निघणाऱ्या केबललाही हाच नियम लागतो. कीबोर्ड, मोबाइल, डीव्हीडी प्लेअर यांना लागत नाही, कारण त्यांचा संकेत दमदार असतो.

दुसरी जागा रंगमंचाची. नाटकाच्या प्रयोगात रंगमंचावरच्या माइकपासून मागे बसलेल्या ध्वनिसंयोजकापर्यंत तीस-चाळीस मीटर केबल जाते, आणि माइकचा संकेत काही हजारांश व्होल्टचा. शेजारून प्रकाशयोजनेच्या जाड केबल गेलेल्या असतात, त्यांची गुणगुण यात शिरणारच. तिथे तीन टाचण्यांची संतुलित केबल वापरतात. एकच संकेत दोन पिळलेल्या तारांवर परस्परविरुद्ध पाठवायचा. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते, आणि टोकाला एकातून दुसरा वजा केला की गुणगुण नाहीशी होते, गाणं दुप्पट होऊन उरतं. इतकी सुंदर युक्ती ध्वनीच्या क्षेत्रात दुसरी नाही असं मला वाटतं. या केबलला पैसे पडतात ते मजबूत प्लगचे, चांगल्या जाळीचे, रोज गुंडाळून-उलगडूनही न तुटण्याचे. तेही काहीशे रुपये ते दोन-तीन हजारांत भागतं. ज्या गाण्याचं ध्वनिमुद्रण तुम्ही घरी ऐकता ते अशाच केबलमधून स्टुडिओत फिरून आलेलं असतं.

घरी एकसारखी गुणगुण येत असेल तर ती बहुधा अर्थिंगची कथा असते. टीव्हीला केबलवाल्याची तार, ॲम्प्लिफायरला वेगळा सॉकेट, दोन्हींच्या जमिनीच्या तारेत किंचित फरक, आणि स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झचं गुंजन. सगळी उपकरणं एकाच चांगल्या बोर्डावर घ्या, बरेचदा तिथेच थांबतं. प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवते.

भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची महाग पॉवर केबल मला कधीच पटलेली नाही. कोयनेला तयार झालेली वीज डोंगर ओलांडत ॲल्युमिनिअमच्या तारांवरून येते, रोहित्रं पार करते, सोसायटीच्या मीटरखोलीतून निघून भिंतीतल्या साध्या वायरिंगने तुमच्या सॉकेटपर्यंत पोहोचते. शेवटचा दीड मीटर मागच्या दोनशे किलोमीटरचं काहीही बदलू शकत नाही. शिवाय ॲम्प्लिफायर ती वीज आत घेतल्यावर तिचं रूपच पालटतो: दाब उतरवतो, एकदिश करतो, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मगच वापरतो.

डिजिटल केबलची गोष्ट आणखी सरळ. एचडीएमआय, यूएसबी, इंटरनेटची केबल यांतून आवाज जातो तो शून्य आणि एक यांच्या रूपात. केबल कमी पडली तर तानपुरा पातळ होत नाही की गळा कोरडा वाटत नाही. आवाज तुटतो, टकटक येते, पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्रच जातं. तुम्ही ऑनलाइन ऐकत असलेलं गाणं कदाचित समुद्राच्या तळातून हजारो किलोमीटर काचेच्या तंतूतून येऊन वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागलेलं असतं. वाटेत तुकडे हरवले तर ते पुन्हा मागवून घेतले जातात, आधी साठवले जातात, मग वाजतात. तरीही २००८ साली डेनॉन कंपनीने दीड मीटरची एक नेटवर्क केबल ४९९ डॉलरला बाजारात आणली होती. फोर-के किंवा त्याहून वरच्या टीव्हीला एचडीएमआय घेताना प्रमाणपत्राचं लेबल असलेली, ४८ गिगाबिटची केबल पाहा आणि शक्य तेवढी आखूड घ्या. एवढी दक्षता पुरेशी आहे.

ऐकू येतं त्याचं काय करायचं

तरीही चांगले, जाणते, वर्षानुवर्षं संगीत ऐकलेले लोक सांगतात, की त्यांना केबलचा फरक ऐकू येतो. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, म्हणूनच तो नीट समजून घ्यावासा वाटतो.

ऐकण्याचं काम नुसता कान करत नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनितज्ज्ञांनी चार स्पीकरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच ऐकणारे, तेच स्पीकर. एकदा पडद्याआडून ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून. दिसायला लागल्यावर मोठ्या आणि महागड्या स्पीकरांचे गुण वाढले, लहान स्वस्त स्पीकरचे घटले. ऐकणाऱ्यांत मुरलेले कानही होते. किंमत, वजन, हाताला लागणारं कापडी वेष्टण, विकणाऱ्याच्या बोलण्यातला विश्वास, हे सगळं मेंदूपर्यंत पोहोचतं आणि आवाजात मिसळतं.

शिवाय केबल बदलून परत बसताना आपलं डोकं चार बोटं इकडे-तिकडे होतं, आणि उंच सुरांत तेवढ्याने आवाज मोजता येण्याइतका बदलतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लक्ष. नवीन काही लावल्यावर आपण जीव एकवटून ऐकतो. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारांमधली जव्हारीची वलयं, तबल्याच्या किनारीवरचा आघात, गायकाने घेतलेला श्वास, हे सगळं आधीही तिथेच होतं. आपण त्या दिवशी पहिल्यांदा तिकडे गेलो.

२००७ साली जेम्स रँडी या चमत्कारांचे दावे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या जादूगाराने एक जाहीर आव्हान दिलं होतं. पेअर कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबल, त्या वेळच्या दराने जवळपास तीन लाख रुपये, साध्या चांगल्या केबलपासून न पाहता ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. त्यावर पुष्कळ पत्रापत्री झाली, कंपनीने अंग काढून घेतलं आणि चाचणी झालीच नाही.

आमची झाली. तपकीर गल्लीतून आणलेल्या तारेचे तीन-तीन मीटरचे तुकडे केले, टोकांना तसेच प्लग लावले. भाचेसून पडद्यामागे बसली. प्रत्येक वेळी ती नाणं उडवणार, छापा आला तर महाग केबल, काटा आला तर साधी, आणि वहीत नोंद करणार. व्हॉल्यूमला कुणी हात लावायचा नाही. आम्ही दोघं सोफ्यावर. त्याच्या रोजच्या ऐकण्यातल्या यमनच्या विलंबित ख्यालाची तीच दोन मिनिटं, सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने सोळापैकी आठ बरोबर यावेत. बारा किंवा त्याहून जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बारा आले तर फरक मान्य करायचा, असं आधीच ठरलं होतं. आधी ठरवणं फार महत्त्वाचं, नाहीतर माणूस नंतर नियम वाकवतो.

अडीच तास लागले. मधे चहा झाला. पहिल्या चार वेळांनंतर भाचा ठामपणे सांगत होता, की खर्जाची तार एकात भरदार लागते. दहाव्या वेळेपासून तो उत्तर द्यायला वेळ घेऊ लागला. शेवटी सुनेने वही वाचली: त्याचे नऊ बरोबर, माझे सात. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण त्या दिवशी तर स्पष्ट ऐकू आलं होतं." आलंच होतं. मी त्याला ती खरवडलेली पांढरी तार पुन्हा दाखवली.

केबल दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेली, तिथे त्यांनी काही कटकट केली नाही. साधी तार आणि मधोमध ठेवलेला ॲम्प्लिफायर तसाच राहिला. मग आम्ही हॉलकडे वळलो, कारण आवाजाची खरी रस्सीखेच तिथे चालते. त्याचा हॉल सोळा बाय अकरा फुटांचा. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाटा अडकतात: सोळा फुटांत ३५ हर्ट्झच्या आसपास, अकरा फुटांत ५१ च्या आसपास. या सुरांना खोलीत एका जागी आवाज दणकतो, दोन पावलांवर नाहीसा होतो, आणि हा चढउतार सहज दहा डेसिबलचा असतो. केबलच्या हिशेबात आम्ही दशांशाशी झगडत होतो. स्पीकर अगदी कोपऱ्यात होते, ते दीड फूट पुढे ओढले तसं पखवाजाचं घुमणं आटोक्यात आलं. समोरच्या उघड्या काचेच्या खिडकीला जाड पडदा लावला, टाळ्यांचा चरचरीतपणा गेला. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे, तो अजून हलवलेला नाही. तिथे पुस्तकांचं कपाट सरकवून सोफा फूटभर पुढे घ्यायचा बेत आहे, पण कपाट जड आहे आणि त्याला चार हात लागतील, म्हणून येत्या रविवारी.